बॉबव्हाइट लावा : शिकारीचा पक्षी आणि त्याच्या अधिवासाचा प्रश्न

गोषवारा :
उत्तर अमेरिकेतील बॉबव्हाइट हा लावा शिकारीचा पक्षी म्हणून दीर्घकाळापासून प्रसिद्ध आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची संख्या झपाट्याने घटली. ही घट प्रामुख्याने बंदुकीमुळे झाली नसून पक्ष्याला आवश्यक असणाऱ्या भूमीचे स्वरूप बदलल्यामुळे झाली, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे. त्यासाठी पक्ष्याचे जीवनचक्र, शिकारीचा इतिहास, हर्बर्ट स्टॉडर्ड यांचे संशोधन व संवर्धनाचे प्रयत्न यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : बॉबव्हाइट, शिकारीचा पक्षी, अधिवास, नियोजित वणवा, गवताळ प्रदेश, संवर्धन.

प्रस्तावना :
एखाद्या पक्ष्याची शिकार मोठ्या प्रमाणावर होत असेल आणि त्याच काळात त्याची संख्याही घटत असेल, तर या दोन गोष्टींत कार्यकारणसंबंध आहे असे गृहीत धरण्याकडे सर्वसाधारण कल असतो. काही पक्ष्यांच्या बाबतीत हे गृहीत खरेही ठरले आहे. उत्तर अमेरिकेतील प्रवासी कबूतर हे त्याचे ठळक उदाहरण होय. एकेकाळी कोट्यवधींच्या संख्येने आढळणाऱ्या या जातीतील अखेरचा पक्षी १९१४ मध्ये सिनसिनाटी येथील प्राणिसंग्रहालयात मरण पावला. बेसुमार व्यापारी शिकार हे या विनाशाचे प्रमुख कारण होते. त्याच खंडातील बॉबव्हाइट या लाव्याची कहाणी मात्र निराळी आहे. त्याच्या शिकारीवर निर्बंध आले, हंगाम ठरले, संख्येची मर्यादा ठरली आणि हे सर्व झाल्यानंतरच त्याची सर्वांत मोठी घसरण झाली. ही घसरण समजून घेतल्यास 'संरक्षण' या शब्दाचा अर्थ केवळ 'मारण्यास बंदी' एवढाच घेणे किती अपुरे आहे, हे लक्षात येते.

उद्दिष्टे :
१) बॉबव्हाइट लाव्याचा परिचय करून देणे व त्याच्या अधिवासविषयक गरजा स्पष्ट करणे.
२) त्याच्या संख्येवर शिकारीचा कितपत परिणाम होतो, याचा आढावा घेणे.
३) संख्या घटण्याची कारणे व संवर्धनाचे प्रयत्न यांचे विवेचन करणे.

पक्ष्याचा परिचय :
बॉबव्हाइटचे शास्त्रीय नाव कोलिनस व्हर्जिनियानस असे आहे. लिनियस यांनी १७५८ मध्ये त्याची नोंद केली. मराठी वाचकास परिचित असलेले लावा व बटेर हे पक्षी फॅजिॲनिडी या कुळातील आहेत, तर बॉबव्हाइट हा ओडोन्टोफोरिडी या अमेरिका खंडातील लाव्यांच्या स्वतंत्र कुळात मोडतो. या कुळातील पक्ष्यांच्या चोचीची खालची कड दातेरी असते व कुळाच्या नावातही दातांचाच निर्देश आहे. दिसण्यात व राहणीत साम्य असले तरी ही दोन कुळे परस्परांपासून फार पूर्वी विभक्त झालेली आहेत.

बॉबव्हाइट साधारणतः २४ ते २८ सेंटिमीटर लांबीचा, गोलसर बांध्याचा व आखूड शेपटीचा पक्षी आहे. अंगावर तांबूस, तपकिरी, काळ्या व पांढऱ्या रंगांची बारीक नक्षी असते. नराचा गळा व भुवई पांढरीशुभ्र, तर मादीची पिवळसर असते. वसंतात व उन्हाळ्यात नर कुंपणाच्या खांबावर अथवा खालच्या फांदीवर बसून खणखणीत शीळ घालतो. ही शीळ इंग्रजी भाषकांना 'बॉब-व्हाइट' अशी ऐकू येते आणि त्यावरूनच पक्ष्याला हे नाव मिळाले. संयुक्त संस्थानांचा पूर्व, मध्य व दक्षिण भाग, मेक्सिको, ग्वाटेमाला आणि क्यूबा येथे त्याचा आढळ आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत तो इतका परिचित होता की, तेथे शिकाऱ्यांच्या बोलण्यात नुसता 'पक्षी' असा उल्लेख आला तरी तो याच लाव्याचा समजला जाई.

जीवनचक्र व अधिवासाच्या गरजा :
बॉबव्हाइटचे संपूर्ण आयुष्य जमिनीवर व्यतीत होते. शरद ऋतूपासून वसंतापर्यंत हे पक्षी साधारण दहा ते पंधराच्या थव्याने राहतात. रात्री संपूर्ण थवा जमिनीवर वर्तुळाकार बसतो. सर्वांच्या शेपट्या आत, अंगे एकमेकांना भिडलेली व तोंडे बाहेर अशी ही रचना असते. त्यामुळे थंडीत ऊब टिकते आणि शत्रू कोणत्याही दिशेने आला तरी कोणा ना कोणाच्या दृष्टीस पडतो. धोका अगदी जवळ येईपर्यंत थवा निश्चल बसून राहतो व नंतर मोठा फडफडाट करीत एकाच वेळी सर्व दिशांना उसळतो. पक्षी थोडेच अंतर वेगाने उडून पुन्हा गवतात दडतात.

घरटे जमिनीवरच, मागील वर्षीच्या वाळलेल्या गवताच्या ठोंबात केलेले असते. मादी साधारणपणे बारा ते सोळा पांढरी अंडी घालते व सुमारे २३ दिवसांत पिले बाहेर पडतात. पूर्वी हा पक्षी आजन्म एकाच जोडीदारासोबत राहतो अशी समजूत होती. परंतु पक्ष्यांना सूक्ष्म रेडिओ संदेशक बसवून केलेल्या अभ्यासांतून वेगळेच चित्र समोर आले. एकाच हंगामात नर व मादी दोघेही जोडीदार बदलू शकतात आणि बऱ्याच घरट्यांवर नर एकटाच अंडी उबवतो. मादीला त्याच हंगामात पुन्हा अंडी घालण्याची संधी त्यामुळे मिळते. या व्यवस्थेमागील कारण उघड आहे. बॉबव्हाइटचे आयुष्य अत्यंत अल्प असते. दरवर्षी एकूण पक्ष्यांपैकी सुमारे ७० ते ८० टक्के पक्षी ससाणे, साप, रॅकून, थंडी, पाऊस आदी कारणांनी मरण पावतात. ही प्रचंड हानी तितक्याच प्रचंड प्रजननाने भरून निघाली, तरच जात टिकते. साहजिकच प्रजननास आवश्यक अशी भूमी दोन-तीन हंगाम उपलब्ध झाली नाही, तर ठरावीक ठिकाणचे पक्षी पाहता पाहता नाहीसे होतात.

ही भूमी कशी असावी लागते, हे पिलाच्या नजरेतून पाहिल्यास चांगले समजते. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिलाचे वजन अवघे सहा ग्रॅमच्या आसपास असते. पहिले काही आठवडे त्याचे मुख्य अन्न म्हणजे कीटक. ते मिळवण्यासाठी त्याला पायांनी चालत फिरावे लागते. म्हणून जमिनीलगत मोकळी माती हवी आणि डोक्यावर तणांचे व रानटी शेंगावर्गीय झुडपांचे छत हवे. घरट्यासाठी जुन्या गवताचे सुटे सुटे ठोंब हवेत. ससाणा आल्यास दडण्यासाठी काटेरी झुडपांची जाळी हवी. हिवाळ्यात खाण्यासाठी तणांचे बी हवे. या सर्व गोष्टी एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर असाव्या लागतात. यांपैकी एक जरी गोष्ट नसली, तर उरलेल्यांचा उपयोग होत नाही. थोडक्यात, माणसाला अस्ताव्यस्त भासणारी, पूर्ण रान नाही व पूर्ण शेतही नाही अशी जमीन हा बॉबव्हाइटचा खरा अधिवास होय.

शिकार आणि पक्ष्यांची संख्या :
धोका जवळ येईपर्यंत न हलणे व नंतर एकदम उसळणे या स्वभावामुळेच बॉबव्हाइट शिकारीचा पक्षी ठरला. पॉइंटर व सेटर जातीचे कुत्रे वासावरून थव्याचा माग काढतात आणि थव्याचा ठाव लागताच जागीच ताठ उभे राहतात. शिकारी पुढे जातो, थवा उसळतो आणि काही क्षणांत नेम साधावा लागतो. या खेळाभोवती दक्षिणेत एक संपूर्ण संस्कृती उभी राहिली. अशा कुत्र्यांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १८९६ पासून सुरू झाली. टेनेसी राज्यातील ग्रँड जंक्शन हे गाव पुढे याच स्पर्धेमुळे प्रसिद्धीस आले.

एकोणिसाव्या शतकात या शिकारीला बाजारी रूप आले होते. जाळ्यांनी पकडलेले व बंदुकीने मारलेले लावे रेल्वेने मोठ्या शहरांतील बाजारांत व उपाहारगृहांत पोहोचत. १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदेशीरपणे मारलेल्या वन्यजीवांची एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वाहतूक करणे गुन्हा ठरवले. राज्यांनीही हंगाम व दैनिक मर्यादा निश्चित केल्या. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार शिकारीच्या बंदुका व काडतुसे यांवरील अबकारी कराचे उत्पन्न वन्यजीव व्यवस्थापनासाठी राज्यांना मिळू लागले. म्हणजेच शिकारी हाच संवर्धनाचा एक प्रमुख अर्थपुरवठादार बनला.

शिकारीचा संख्येवर होणारा परिणाम नेमका किती, हा प्रश्न पॉल एरिंग्टन यांनी शास्त्रीय पद्धतीने हाताळला. विस्कॉन्सिन व आयोवा येथील शेतांवर त्यांनी अनेक हिवाळे बॉबव्हाइटची गणना केली. विशिष्ट जमीन हिवाळ्यात विशिष्ट संख्येलाच आसरा देऊ शकते आणि त्याहून अधिक असलेले पक्षी या ना त्या कारणाने नष्ट होतातच, असे त्यांच्या निरीक्षणांचे सार होते. यावरून शरदातील माफक शिकार ही अन्यथा मरणाऱ्याच पक्ष्यांची असते, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. नंतरच्या अभ्यासांनी या निष्कर्षाला मर्यादा घातली. हिवाळ्याच्या अखेरीस जिवंत असलेले पक्षी हे त्या वर्षीचे बीज असते. त्या वेळी केलेली शिकार नैसर्गिक मृत्यूंची जागा न घेता त्यांत भर घालते. म्हणून शिकार पूर्णतः निरुपद्रवी आहे, असे म्हणता येत नाही. तथापि अधिवास शाबूत असताना मर्यादित शिकार सोसून ही जात टिकते, एवढे मात्र निश्चितपणे म्हणता येते.

स्टॉडर्ड यांचे संशोधन व वणव्याचा वाद :
बॉबव्हाइटविषयीच्या आधुनिक ज्ञानाचा पाया हर्बर्ट स्टॉडर्ड यांनी घातला. जॉर्जियातील थॉमसव्हिल व फ्लोरिडातील टॅलाहासी या शहरांदरम्यानच्या टेकड्यांच्या प्रदेशात उत्तरेकडील धनिक उद्योगपतींनी मोठमोठी इस्टेटी खरेदी केल्या होत्या. हिवाळ्यात लाव्यांची शिकार करणे हाच या मालमत्तांचा मुख्य उपयोग होता. तेथील पक्षी कमी होऊ लागल्यावर मालकांनी निधी उभारला आणि संघराज्याच्या जीवशास्त्रीय सर्वेक्षण खात्याच्या सहकार्याने १९२४ मध्ये पाहणी सुरू झाली. या कामावर नेमलेले स्टॉडर्ड हे महाविद्यालयीन पदवी नसलेले, संग्रहालयांसाठी पक्ष्यांचे नमुने तयार करणारे निसर्गअभ्यासक होते. त्यांनी शेकडो घरट्यांची निरीक्षणे केली, पक्ष्यांच्या अन्नाचे विश्लेषण केले व १९३१ मध्ये बॉबव्हाइटवरील आपला बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला.

त्यांचा सर्वांत वादग्रस्त निष्कर्ष वणव्यासंबंधी होता. त्या काळात वनाधिकारी व वनप्रेमी संघटना जंगलातील प्रत्येक आग ही विध्वंसक मानत. दक्षिणेतील गावोगावी आगविरोधी प्रचार सुरू होता. दुसरीकडे स्थानिक शेतकरी, गुरे राखणारे व कृष्णवर्णीय कुळे हिवाळ्याच्या अखेरीस पाइनच्या रानातील गवत जाळत आले होते. त्यांच्यापूर्वी मूलनिवासी जमातीही हेच करीत असत. शासनाच्या दृष्टीने हे अज्ञान होते. स्टॉडर्ड यांना मात्र असे आढळले की, जिथे जाळणे थांबले तिथे गवताचा जाड थर साचला, झुडपे माजली, शेंगावर्गीय वनस्पती गुदमरल्या आणि लावे नाहीसे झाले. मर्यादित व वेळेवर लावलेली आग पक्ष्याला तारक आहे, हे विधान वनखात्याला मानवणारे नव्हते. त्यामुळे ग्रंथातील वणव्यावरील प्रकरण प्रसिद्धीपूर्वी वारंवार सौम्य करून लिहावे लागले.

आग नेमके काय करते, हे येथे पाहणे आवश्यक आहे. घरटी करण्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वी लावलेली हलकी आग साचलेले गवत जाळून माती मोकळी करते. त्या मातीत रानटी शेंगावर्गीय वनस्पती व तणे उगवतात. कोवळ्या पाल्यावर कीटक वाढतात आणि पिलांना अन्न मिळते. पाइनच्या रानात घुसणारे रुंदपर्णी वृक्ष आगीने मागे हटतात. लाँगलीफ पाइन हा वृक्ष तर आगीशी जुळवून घेतच उत्क्रांत झाला आहे. त्याचे रोप काही वर्षे गवताच्या जुडग्यासारखे राहते व लांब सुयांच्या वेढ्यामुळे त्याचा कोंब आगीपासून वाचतो. मात्र संपूर्ण रान एकाच वेळी जाळणे हिताचे नसते. घरट्यासाठी जुने गवतही लागते. म्हणून दरवर्षी रानाचे काही तुकडे जाळून काही राखले जातात. हीच पद्धत पुढे 'नियोजित वणवा' या नावाने मान्यता पावली. १९५८ मध्ये टॅलाहासीजवळ टॉल टिंबर्स हे संशोधन केंद्र स्थापन झाले. १९६२ मध्ये तेथे वणव्याच्या परिसंस्थाशास्त्रावरील पहिली परिषद भरली. स्टॉडर्ड यांचे निधन झाले, तोपर्यंत त्यांचे म्हणणे शास्त्रीय चर्चेच्या मुख्य प्रवाहात आले होते.

संख्या घटण्याची कारणे :
१९६६ मध्ये उत्तर अमेरिकेत प्रजननकालीन पक्ष्यांचे वार्षिक सर्वेक्षण सुरू झाले. ऑड्युबॉन संस्थेने २००७ मध्ये जाहीर केलेल्या विश्लेषणानुसार सामान्य पक्ष्यांमध्ये सर्वाधिक घट बॉबव्हाइटमध्ये झाली होती. चार दशकांत ही संख्या सुमारे ३ कोटी १० लाखांवरून ५५ लाखांवर, म्हणजे ८२ टक्क्यांनी खाली आली. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या जातीचा समावेश 'संकटसमीप' या वर्गात केला आहे. या घटीची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

१) शेतीचे बदललेले रूप : विसाव्या शतकाच्या प्रारंभी दक्षिणेतील शेती लहान तुकड्यांची, खेचरांनी नांगरली जाणारी व अर्धेलीने कसली जाणारी होती. बांधांवर झुडपे असत, काही जमीन दरवर्षी पडीक राही. बॉबव्हाइटची तेव्हाची विपुलता हा या शेतीचा अजाणता झालेला लाभ होता. ही व्यवस्था कुळांसाठी दारिद्र्याची व पिळवणुकीची होती, हे विसरता येत नाही आणि ती परत यावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु ट्रॅक्टर आल्यानंतर शेते मोठी झाली, बांध गेले, कुंपणालगतची झुडपे गेली आणि लाव्यांच्या घराचाही शेवट झाला.

२) परदेशी गवतांची कुरणे : गुरांसाठी फेस्क्यू व बर्म्युडा ही गवते मोठ्या क्षेत्रावर लावण्यात आली. ती सतरंजीसारखी दाट पसरतात. त्यांतून पिलाला चालता येत नाही व मोकळी माती उरत नाही. दुरून हिरवेगार दिसणारे असे कुरण लाव्याच्या दृष्टीने वाळवंटच असते.

३) दाट पाइन लागवड व वणव्यावरील बंदी : लाँगलीफ पाइनची विरळ, गवताळ वने एकेकाळी सुमारे ९ कोटी एकर क्षेत्रावर होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांपैकी तीन-चार टक्केच उरली. त्यांच्या जागी लावलेल्या दाट पाइनच्या सावलीत गवत उगवत नाही.

४) कीटकनाशके व तणनाशके : या कारणात एक विसंगती दडलेली आहे. अमेरिकेत नवे कीटकनाशक बाजारात येण्यापूर्वी पक्ष्यांवरील त्याची विषारीता तपासली जाते व त्यासाठी प्रमाण मानलेल्या जातींपैकी एक बॉबव्हाइट हीच आहे. परंतु प्रयोगशाळेतील पक्ष्याला दाणापाणी आयते मिळत असते. शेतातील तणे व कीटक नष्ट झाल्यामुळे होणारी उपासमार अशा चाचणीत दिसत नाही.

संवर्धनाचे प्रयत्न व त्यांच्या मर्यादा :
पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सोडणे हा सर्वांत सोपा वाटणारा उपाय होता आणि तो अनेक दशके करण्यात आला. शत्रूची ओळख व अन्न शोधण्याचे कौशल्य नसल्याने असे बहुतेक पक्षी अल्पावधीतच मरतात. व्यावसायिक शिकारक्षेत्रांत ते सोडले जातात, परंतु त्यामुळे रानातील संख्या वाढत नाही.

ॲरिझोना व सोनोरा भागातील 'मुखवटाधारी बॉबव्हाइट' या काळ्या चेहऱ्याच्या उपजातीचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. अतिचराई व अवर्षण यांमुळे तेथील गवताळ मैदाने उजाड झाली आणि १९०० च्या सुमारास ही उपजात ॲरिझोनातून नाहीशी झाली. तिच्यासाठी १९८५ मध्ये ब्वेनोस आयरेस राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान स्थापन करण्यात आले. शिकारीपासून संपूर्ण कायदेशीर संरक्षण असूनही ही उपजात आजवर बंदिस्त प्रजननावर अवलंबून राहिली आहे.

१९८५ च्या कायद्याने सुरू झालेल्या संवर्धन राखीव कार्यक्रमात शेतकऱ्यांना धूप होणारी जमीन पडीक ठेवण्यासाठी मोबदला मिळू लागला. परंतु प्रारंभी अशा पुष्कळ जमिनीवर फेस्क्यू गवत किंवा दाट पाइनच लावले गेले व लाव्यांना फारसा लाभ झाला नाही. २००२ मध्ये बॉबव्हाइटसाठी बहुराज्यीय संवर्धन आराखडा तयार झाला. त्यानंतर २००४ मध्ये शेताच्या कडेने स्थानिक गवतांचे पट्टे राखण्यासाठी शेतकऱ्यांना साहाय्य देणारी स्वतंत्र योजना आली. असे पट्टे राखलेल्या शेतांवर लाव्यांचे प्रमाण अधिक आढळले. लाँगलीफ पाइनच्या पुनर्लागवडीमुळे त्या वनांचे क्षेत्रही आता सुमारे ५० लाख एकरांपर्यंत वाढले आहे. याच वनांत राहणाऱ्या लाल कलगीच्या सुतार पक्ष्याला २०२४ मध्ये 'संकटग्रस्त' वर्गातून 'धोक्यातील' या कमी गंभीर वर्गात आणण्यात आले. नियोजित वणवा त्यालाही उपकारक ठरला आहे.

तथापि आज बॉबव्हाइट सर्वाधिक सुस्थितीत आहे तो थॉमसव्हिल-टॅलाहासी परिसरातील शिकारीच्या इस्टेटींवर व दक्षिण टेक्सासमधील विस्तीर्ण गवताळ पशुपालन क्षेत्रांत. दक्षिण टेक्सासमध्ये पावसागणिक त्याची संख्या कमी-अधिक होते, पण गवताळ भूमी टिकून असल्याने चांगल्या पावसानंतर ती पुन्हा भरून येते. जिथे जमीनमालकाला लावा हवा आहे व त्यासाठी खर्च करण्याची ऐपत आहे, तिथे तो टिकला. लहान शेतकऱ्याला मात्र बांध मोकळा ठेवणे म्हणजे उत्पन्न सोडणे होय. हा भार त्याने एकट्याने उचलावा अशी अपेक्षा करणे न्याय्य नाही.

निष्कर्ष :
१) बॉबव्हाइटच्या आधुनिक काळातील घटीचे मुख्य कारण शिकार नसून अधिवासाचा ऱ्हास हे आहे. मात्र अधिवास आक्रसलेला असताना हिवाळ्याच्या अखेरची शिकार हानिकारक ठरू शकते.
२) अल्पायुषी व बहुप्रसव जातीचे रक्षण एकेका पक्ष्याला वाचवून होत नाही. तिच्या प्रजननास योग्य अशी भूमी दरवर्षी उपलब्ध असावी लागते.
३) वणवा सर्वत्र विध्वंसकच असतो ही धारणा तपासून घेणे आवश्यक आहे. स्थानिक लोकांची पारंपरिक प्रथा अशास्त्रीय ठरवण्यापूर्वी तिचा अभ्यास व्हावा.
४) तण, झुडपे व पडीक तुकडे यांना निरुपयोगी मानणारी दृष्टी गवताळ भूमीवरील जीवसृष्टीस मारक ठरते.
५) शेतीच्या भूमीवर वन्यजीव टिकवायचे असतील, तर त्यासाठी शेतकऱ्यास होणाऱ्या तोट्याची भरपाई सार्वजनिक निधीतून होणे आवश्यक आहे.

बॉबव्हाइट हा दुर्मिळ अरण्यात राहणारा पक्षी नव्हे. तो माणसाच्या शेताशेजारी, त्याच्या कुंपणावर बसून शीळ घालणारा पक्षी होता. अनेक राज्यांतील तरुण पिढीने ही शीळ ऐकलेलीच नाही. ती पुन्हा ऐकू यावी, यासाठी शिकारबंदीचा कायदा पुरेसा नाही. प्रत्येक शेताच्या कडेला थोडी अव्यवस्था जाणीवपूर्वक राखावी लागेल, हाच या पक्ष्याच्या अभ्यासातून मिळणारा बोध होय.